बशीतला रुपया

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी रतनसिंग नेगी हे नाव सांगतो. ऐकणाऱ्यांना ते रुचत नाही. आईबापांचं नाव घ्यावं, फी माफ करणाऱ्या हेडमास्तरांचं घ्यावं, अशी त्यांची अपेक्षा असते, आणि त्यात चूक काही नाही. आमच्या सात पिढ्यांत पहिला पदवीधर मी. बापूंनी जिनात कापसाचे बोजे वाहिले, आईने लोकांच्या मिरच्या कांडल्या, तेव्हा मी बी.ए. झालो. त्यांचे उपकार मी रोज आठवतो. पण त्यांनी मला मुलगा म्हणून दिलं, हेडमास्तरांनी विद्यार्थी म्हणून दिलं. रतनसिंगचं आणि माझं काहीच नातं नव्हतं. तो कनॉट प्लेसमधल्या एका हॉटेलात वेटर होता, आणि मी तिथे आयुष्यात एकदा जेवलो होतो.

मी चोपड्याहून दिल्लीला आलो तो सेक्रेटरिएटमध्ये कारकून म्हणून. करोल बागेत एका घराच्या गच्चीवर खोली मिळाली. दिल्लीत अशा खोलीला बरसाती म्हणतात. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फाचं कपाट. खोलीत माझ्याबरोबर पुण्याचा वसंता कुलकर्णी राहायचा. तो माझ्या आधी दोन वर्षं दिल्लीत आलेला, त्यामुळे त्याला सगळं येत होतं. खाली गल्लीत एक सामायिक तंदूर होता. संध्याकाळी गल्लीतल्या पंजाबी बायका परातीत कणीक घेऊन तिथे जमत, आणि तंदुराच्या तोंडाशी बसलेली बाई सगळ्यांच्या रोट्या आत थापत असे. त्यांच्या बोलण्याचा कालवा, थापण्याचा तो थप्प आवाज, आणि भाजल्या पिठाचा वास आमच्या गच्चीपर्यंत यायचा. वसंता स्टोव्हवर पिठलं ढवळायचा आणि मी खाली जाऊन चार रोट्या विकत आणायचो. ज्वारीच्या भाकरीची आठवण काढली की वसंता म्हणायचा, "सोनवणे, तुम्ही खानदेशी लोक दिल्लीला येता आणि पोट घरीच ठेवून येता." ते खरं होतं. पहिले सहा महिने मी दिल्लीत राहत होतो खरा, पण कसं वागायचं, कोणाला काय म्हणायचं, कुठे बसायचं, हे सगळं चोपड्याच्या मापाने मोजत होतो. प्रकरण घडलं ते त्या मापामुळेच.

आमचे सेक्शनचे अधिकारी साताऱ्याकडचे होते. नाव देत नाही, त्यांची मुलंबाळं आहेत. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. करडे पण प्रेमळ. माझं पहिलं वर्ष पुरं होत आलं होतं, आणि कायम करायचं की घरी पाठवायचं याचा शेरा त्यांच्या हातात होता. एका सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि जरा संकोचून सांगितलं की, आईचं पत्र आलंय. तिने साताऱ्याला सोमवारच्या व्रताचं उद्यापन केलंय आणि लिहिलंय की दिल्लीत तुझ्या हातूनही एक पान जेवायला घाल. त्यांच्या मंडळी माहेरी गेल्या होत्या, घरी स्वयंपाकाची सोय नव्हती. तेव्हा दुपारी माझ्याबरोबर चला, म्हणाले, हॉटेलात जेवू. आईला कळवतो की पान वाढलं म्हणून.

मला किती आनंद झाला ते काय सांगू. गावाकडे श्रावणात दर सोमवारी महादेवाच्या देवळात एक शेठजी शाळेतल्या सगळ्या मुलांना पंगत घालायचे. वरण, भात, गव्हाची खीर आणि वांग्याची भाजी. हात धुऊन आलं की शेठजी स्वतः ओळीने फिरायचे आणि प्रत्येक मुलाच्या हातावर विडा ठेवायचे. विड्यावर एक नाणं. ते कपाळाला लावायचं आणि घरी आणायचं, अशी आईची शिकवण होती. जेवणारा जेवतो म्हणून यजमानाला पुण्य लागतं, तेव्हा यजमानाने जेवणाऱ्याला द्यायचं. न घेता उठलं तर त्याचा संकल्प अपुरा राहतो. वाढणाऱ्याला कोणी काही देत नसे. वाढणारे घरचेच असत, आणि त्यांना कोणी पैसा पुढे केला असता तर तो अपमान ठरला असता. माझ्या डोक्यात अन्न आणि पैसा यांचा संबंध होता तो एवढाच, आणि तो इतका पक्का होता की दुसरा काही असू शकेल हे माझ्या मनातही आलं नाही.

वसंता माझ्याच सेक्शनमध्ये होता. निघण्यापूर्वी त्याने मला जिन्यात गाठून तालीम दिली. काटा डाव्या हातात, नॅपकिन मांडीवर, आणि शेवटी लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी येईल ते हात बुडवायला, प्यायला नव्हे. मी आणि साहेब फटफटीत, म्हणजे दिल्लीच्या त्या मोठ्या तीनचाकी रिक्षात, बसून कनॉट प्लेसला गेलो. हॉटेलात पंखे हळू फिरत होते, टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर सगळं हिरवट दिसत होतं. साहेबांनी सोमवार म्हणून बिनकांद्याचं सांगितलं. पनीर मी तेव्हा प्रथम खाल्लं. पांढरे चौकोनी तुकडे बघून ते अंड्याचे असतील की काय या भीतीने मी पहिला तुकडा कितीतरी वेळ ताटात फिरवत होतो. साहेबांच्या ते लक्षात आलं, आणि ते गालातल्या गालात हसले. पांढऱ्या कोटातला, डोक्याला फेटा बांधलेला वेटर पाण्याचा पेला अर्धा झाला की भरून जायचा, रोटी संपायच्या आत दुसरी आणून ठेवायचा. लिंबाच्या पाण्याची वाटी आली. मी ती प्यायलो नाही. आपण उत्तीर्ण झालो असं मला वाटलं.

मग साहेबांनी पैसे दिले, आणि वेटरने एका बशीत बडीशेप आणि खडीसाखर घालून त्यावर उरलेली मोड आणून ठेवली. साहेबांनी नोटा उचलून खिशात घातल्या. एक रुपयाचं नाणं बशीत राहू दिलं. बशी माझ्याकडे सरकवली. एवढ्यात दारातून कोणा ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना हात केला आणि ते उठून बाहेर गेले. मी त्या बशीकडे बघितलं. जेवण झालेलं. यजमानाने बशी पुढे केलेली. बडीशेपेवर एक चकचकीत रुपया. एवढ्या मोठ्या हॉटेलात सातारच्या त्या म्हाताऱ्या बाईंच्या उद्यापनाची दक्षिणा मिळावी, तीही इतक्या नीटसपणे, याने मला भरून आलं. मी रुपया उचलला, दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, खिशात घातला. मग चिमूटभर बडीशेप तोंडात टाकून बाहेर आलो.

संध्याकाळी तो रुपया मी कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला, दिवाळीत आईच्या हातात द्यायचा म्हणून. वसंताला मी जेवणाचं सगळं सांगितलं, रुपयाचं सांगितलं नाही. दक्षिणेचा गाजावाजा करू नये, हेही आईनेच शिकवलेलं.

पुढच्या सोमवारी मी सहीच्या फायली घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. ते वैतागलेले होते. सह्या करता करताच त्यांनी सांगायला सुरुवात केली. शनिवारी ते त्याच हॉटेलात गेले होते. मॅनेजर स्वतः टेबलाशी येऊन नम्रपणे विचारू लागला की गेल्या खेपेला सेवेत काही उणं राहिलं होतं का. साहेब म्हणाले, मुळीच नाही, उलट मी खूश होऊन बशीत रुपया ठेवला होता. मॅनेजरचा चेहराच बदलला. त्या हॉटेलाची रीत अशी होती की, गिऱ्हाइकाने ठेवलेली टिप वेटरने स्वतःच्या खिशात घालायची नाही. गल्ल्यावर एक पत्र्याचा डबा होता, त्यात सगळ्यांदेखत टाकायची. शनिवारी तो डबा उघडून वेटर, आचारी, भांडी घासणारे, सगळ्यांत वाटणी होई. त्या दिवशी आमच्या टेबलाचं डब्यात काही पडलंच नव्हतं. वेटरला बोलावलं. तो म्हणाला, बशीत काही नव्हतं. मॅनेजरने त्याला तिथल्या तिथे कोट आणि फेटा उतरवायला लावला.

"नऊ वर्षं तिथे काम केलेला माणूस, सोनवणे," साहेब म्हणाले, "आणि एका रुपयासाठी तोंडावर खोटं बोलला. माझ्या डोळ्यांत बघून."

मी फायली धरून उभा होतो. टिप हा शब्द मी त्या क्षणी प्रथमच ऐकत होतो, पण त्याचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. बशी, रुपया, नोटा उचलून तेवढं नाणं मागे राहू देणं, सगळं एकदम उलटं होऊन माझ्यासमोर उभं राहिलं.  मी काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर आलो. बोललो नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. साहेबांच्या टेबलावर डाव्या हाताला माझ्या नावाची फाईल होती. मला ती दिसत होती.

संध्याकाळी वसंताला सांगितलं. तो आधी इतका हसला की स्टोव्ह विझवून खाली बसला. मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं. त्याला मी पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो की पगारी माणसाला जेवणाऱ्याने पैसे का द्यायचे. दिवाळीला पोस्टमनला पोस्त देतात ते मला ठाऊक होतं. पण रोज, प्रत्येक ताटामागे? आणि न दिले तर मॅनेजर येऊन विचारणार? वसंता म्हणाला, "अरे, त्यांचा अर्धा पगार तोच असतो. साहेब लोक देतात ते काही दान नसतं, रिवाज आहे. काही खुशीने देतात, काही लाजेने देतात, काही कुरकुरत देतात, पण देतात." मग त्याने सल्ला दिला. गप्प बस. कायम हो. वेटरला दहा हॉटेलं आहेत, तुला दुसरं सेक्रेटरिएट नाही.

आज मी मुलाकडे गुरुग्रामला राहतो. रविवारी आम्ही बाहेर जेवायला गेलो की बिलावर आधीच सेवाशुल्क लावलेलं असतं, आणि मुलगा वेटरला बोलावून ते काढायला लावतो. तो म्हणतो, बाबा, हा त्यांचा धंदा आहे, आपण का भरायचं. नात फोनवरून जेवण मागवते, तर फोनच तिला विचारतो की आणणाऱ्याला किती देणार, आणि ती एका बोटाने काहीतरी दाबते. तिला त्यात काही वाटत नाही, मुलाला राग येतो. मी दोघांनाही काही म्हणत नाही. वेटर बिल दुरुस्त करून आणतो तेव्हा मी मात्र टेबलाकडे बघत बसतो.

साहेबांकडून ते ऐकल्यावर दोन दिवस मी जेवलो नाही. म्हणजे तोंडात घास घालायचो, पण खाली तंदुराचा थप्प आवाज आला की कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं दचकायचो. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन, दार लावून, सगळं सांगितलं. दक्षिणा, शेठजी, आईची शिकवण, सगळं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते रागावतील याची माझी तयारी होती. पण ते रागावले नाहीत, लाजले. माझ्या टेबलावरून? असं दोनदा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत हळू आवाजात त्यांनी सांगितलं की झालं ते झालं, तुमच्या मनात पाप नव्हतं हे मला पटतं, मी तुमचा शेरा बिघडवणार नाही. पण हे बाहेर कुठे बोलायचं नाही. त्या हॉटेलात सगळं डिपार्टमेंट येतं. मी कोणाला जेवायला घेऊन गेलो होतो आणि त्याने काय केलं, याची चर्चा मला नको आहे.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटकेचीच मला किळस आली. मी नोकरीत राहणार, साहेबांची अब्रू राहणार, आणि तो माणूस चोर ठरणार. मी म्हणालो, "साहेब, शनिवारी अर्धा दिवस आहे. मी जाऊन येतो." त्यांनी पुढची फाईल ओढली.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी गेलो. गिऱ्हाइकं उठून गेली होती, वेटर लोक मागच्या बाजूला जेवायला बसायच्या बेतात होते. मॅनेजर रावळपिंडीकडचे, फाळणीत सगळं गमावून आलेले वयस्क गृहस्थ. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की तो रुपया मी घेतला. त्यांना आधी वाटलं मी रतनसिंगचा कोणी मित्र आहे आणि त्याला वाचवायला आलोय. मी खिशातून कागदाची पुडी काढली, रुपया दाखवला, आणि तो का घेतला ते सांगितलं. आमच्याकडे जेवणाऱ्याला देतात, वाढणाऱ्याला नाही, हे त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. "ओए रब्बा," म्हणाले, आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

मागे दाराशी तीनचार जण येऊन उभे राहिले होते. त्यांच्यात एक म्हातारा आचारी होता, सगळे त्याला पंडितजी म्हणत. तो रतनसिंगच्याच गढवालकडचा. तो पुढे आला आणि मॅनेजरकडे न बघता माझ्याशी बोलला.

"बाबूजी, रतन ने देखा था. खंभे के पास खड़ा था. जिस दिन निकाला, उसी दिन रसोई में आकर मुझे बताया, और कसम दी कि किसी से न कहूँ."

मला कळेना. मी विचारलं, बघितलं होतं तर मग सांगितलं का नाही?

"मैंने भी यही पूछा. बोला, साहब के मेहमान को उनके सामने चोर कैसे कह दूँ, बाबू की नौकरी चली जाएगी. और बोला, चोर पैसा जेब में डालता है. इसने पहले माथे से लगाया. कोई मन्नत होगी इसकी."

सोमवारी मला जो धक्का बसला होता तो या धक्क्यापुढे काहीच नव्हता. मी त्याच्याशी बोललो नव्हतो. तो मला ओळखत नव्हता. कोट उतरवायला लावला तेव्हा एक वाक्य बोलला असता तर माझी नोकरी गेली असती आणि त्याची राहिली असती. ते वाक्य त्याच्याजवळ होतं, खरं होतं, आणि तो ते बोलला नाही. बशीत काही नव्हतं, एवढंच म्हणाला. तेही खरंच होतं.

मॅनेजरनी मला सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं, सही केली, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग स्वतः म्हणाले की रतनसिंग परत आला तर त्याची जागा त्याची आहे. पण तो दिल्लीत नव्हता. दोन हॉटेलांत विचारून पाहिलं होतं त्याने, पण का काढलं ही बातमी त्याच्या आधी तिथे पोचली होती. तो गावी निघून गेला होता. पंडितजींनी मला पत्ता दिला. पौडीच्या पुढे कुठलंसं गाव.

सोमवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी हातातली फाईल बंद केली. मग विचारलं, पत्ता मिळाला का? मी हो म्हणालो. "रजिस्टर्ड पाठवा," ते म्हणाले. "डोंगरात साधं पत्र पोचेलच असं नाही. हेडक्लार्कला सांगू नका, पोस्टाची तिकिटं माझ्याकडून घेऊन जा."

रतनसिंग वैशाखात आला. मला जे सांगायचं होतं ते सगळं त्याला पाठवलेल्या पत्रात होतं. कचेरीच्या सवयीने मी त्याचा कच्चा खर्डा ठेवला होता. तो हिंदीत आहे, चुकांनी भरलेल्या. इथे मराठीत उतरवतो, बाकी काही बदललेलं नाही.

श्री. रतनसिंग नेगी यांस नमस्कार.

आपण मला नावाने ओळखत नाही. ज्या सोमवारी आपल्या बशीतला रुपया नाहीसा झाला, त्या दिवशी साहेबांबरोबर जेवायला बसलेला माणूस तो मी. रुपया मी घेतला. आमच्या गावी जेवणाऱ्याला दक्षिणा देतात, ती समजून घेतला. हे मी कारण म्हणून सांगत आहे, सबब म्हणून नाही. आपलं काम गेलं ते माझ्यामुळे गेलं.

आपण बघितलं होतं, हे मला पंडितजींनी सांगितलं. आपण का बोलला नाहीत तेही सांगितलं. त्यावर काय लिहावं ते मला सुचत नाही. मी बी.ए. पर्यंत शिकलो आहे, पण असं कोणी करतं हे माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मॅनेजरसाहेबांपुढे आणि आपल्या सर्व सोबत्यांपुढे मी हे कबूल केलं आहे आणि लिहून दिलं आहे. तो रुपया सर्वांदेखत डब्यात टाकला आहे. आपली जागा रिकामी आहे. मॅनेजरसाहेब आपल्याला परत घ्यायला तयार आहेत, ते म्हणतात की त्यांनी आधी नीट चौकशी करायला हवी होती. गावच्या लोकांना काही सांगावं लागलं असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवावं. माझं नाव लपवू नये.

आपण यावं अशी हात जोडून विनंती आहे. दर रविवारी दुपारी तीन वाजता मी हॉटेलाच्या दाराबाहेर उभा राहीन. एक अडचण आहे, ती लिहिताना लाज वाटते. आपण माझ्या ताटात सहा वेळा रोटी वाढलीत, पण त्या वेळी मी आपल्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी आपल्याला ओळखू शकणार नाही. तेव्हा आपणच मला हाक मारावी.

आपला,
का. ना. सोनवणे